बारा तारखेपर्यंतचा घोळ

ऑफिसात तिला सगळे काउंटरताई म्हणत. नाव चेष्टेनं पडलेलं, पण तिनं ते तोऱ्यात मिरवलं. अकरा वर्षं ती डायलिसिस केंद्राच्या काउंटरवर बसून पेशंटांना तारखा देत होती. छत्तिशी उलटल्यावर, लेक शाळेत गेली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक मांडून प्रोग्रॅमिंग शिकली, आणि केंद्राची वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीतच चिकटली. सासूला काही ते उमगत नसे.

"तुझं काम तरी काय गं?"

"लोक तारीख टाइप करतात, ती मशीनला नीट वाचायला शिकवते."

"एवढंच? मग दिवसभर काय करतेस?"

एकोणतीस मे, गुरुवार. सकाळीच जुन्या काउंटरवरच्या मैत्रिणीचा फोन आला. आवाज चढलेला. "अगं, सोमवारची यादी काढली. दोन जूनला एकोणीस जण हवेत, दिसताहेत तीन! यादीत नाव नाही म्हणजे मशीन लागणार नाही. सोळा माणसं दारात उभी राहिली तर काय तोंड दाखवू?"

डायलिसिसची एक पाळी चुकली की माणूस कसा सुजतो, जिना चढताना कशी धाप लागते, हे काउंटरताईनं काचेपलीकडून रोज पाहिलं होतं.

तिनं सांगितल्यावर टीमलीड म्हणाले, "सर्व्हरची कुरकुर असेल. सोमवारी बघू."

"सोमवारी बघायला पेशंट पाहिजेत ना, सर! आणि चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? सर्व्हर बिचारा धडधाकट आहे."

तिनं तारीख वाचणारा कोड उघडला. तेरा मेला सुरू झालेलं बुकिंगचं नवं पान शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या पोरानं लिहिलं होतं. काउंटरवरून २/६ असं आलं की कोड पहिला आकडा महिना समजे. दोन जूनचा सहा फेब्रुवारी! पहिला आकडा बाराच्या वर असला तरच तो शहाण्यासारखा दिवस धरायचा.

"अंदाजपंचे दाहोदरसे!" ती ओरडली. "अरे, हे काय लिहिलंस?"

"ताई, दहा वेळा टेस्ट केलंय मी."

"कुठली तारीख टाकून?"

"माझा वाढदिवस. पंचवीस."

"पंचविसावा महिना तुझ्या घरी असेल. म्हणून पास झाला तो!"

मेमधल्या तारखा तेराच्या पुढच्याच होत्या, म्हणून पंधरा दिवस कुणाला पत्ता लागला नाही. आता जूनचे पहिले दिवस उलटे पडले होते.

चष्मेवाल्याचा चेहरा उतरला, पण हात कीबोर्डवर गेले. "सगळ्यांचे दिवस-महिने उलटे करतो. दोन मिनिटं."

"थांब! ते तिघं बरोबर का दिसताहेत? त्यांनी फोनवरच्या कॅलेंडरात बोट ठेवून तारीख घेतली. तू सरसकट उलटवलंस की ते जातील फेब्रुवारीत."

"मग ओळखायचं कसं? टाइप केलेलं तर आपण जपूनच ठेवलं नाही."

ती खुर्चीत मागे रेलली. हे तिला कुठल्या पुस्तकात शोधायची गरज नव्हती. "केंद्रात चार आठवड्यांपुढची तारीख आम्ही देतच नाही. म्हणजे बुकिंग झालं त्या दिवसाच्या मागे गेलेली किंवा चार आठवड्यांपुढे उडालेली, तेवढीच उलटी. तेवढीच सरळ कर."

संध्याकाळपर्यंत दोनशे सहा नोंदी जाग्यावर आल्या. एक अडून बसली. दहा ऑगस्ट. उलटवली तर आठ ऑक्टोबर. दोन्ही चार आठवड्यांच्या पलीकडे.

"राहू दे एक," चष्मेवाला म्हणाला.

"तो एक माणूस आहे, बाबा." तिनं फोन लावला.

पलीकडून खणखणीत म्हातारा आवाज. "हो, मीच. लेकीकडे चाललेय चार महिने, तिकडंच करून घेणार मशीन. आठ ऑक्टोबरला परत. काउंटरवरच्या बाईनं आढेवेढे घेतले, पण हट्टानं आधीच लिहायला लावलं."

"ऑक्टोबरच ना, आजी? ऑगस्ट नाही?"

"ऑगस्टात नात बाळंत व्हायचीय. तेव्हा परत येऊन काय तुझ्याशी गप्पा मारू?"

ती तारीख तिनं स्वतःच्या हातानं सरळ केली.

शुक्रवारी तिनं नवं पान टीमलीडसमोर ठेवलं. दिवस वेगळ्या चौकटीत, महिना यादीतून नावानं निवडायचा, आणि टाइप केलेला शब्द न् शब्द जपून ठेवायचा.

"काउंटरवाल्यांना जास्त वेळ लागेल," ते म्हणाले.

"अकरा वर्षं बसलेय तिथं, सर. दोन सेकंदं. कुरकुरतील, मग सवय होईल. शंका आली की कोडनं अंदाज करायचा नाही, विचारायचं."

त्यांनी मान डोलावली. दुसरं काय करणार!

सोमवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. मागून मशीनांचा घुर्र आवाज आणि कुणाचं तरी मोठ्यानं बोलणं.

"एकोणीसच्या एकोणीस आले. मशीनंही लागली," मैत्रीण म्हणाली. "एक जण खिडकीजवळचीच खुर्ची पाहिजे म्हणून भांडतोय."

"भांडू दे," काउंटरताई म्हणाली, आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.