बोटीशिवाय न पोचता येणारं कबरस्तान

माझा नवरा मस्कतच्या गाला भागातल्या ज्या गॅरेजमध्ये कामाला होता, तिथले साहेब इंग्लंडचे होते. दोन हजार चौदाच्या सुमारास ते निवृत्त होऊन कायमचे घरी निघाले, तेव्हा त्यांना आपल्या खापरपणजोबांची कबर आठवली. माणूस इतकी वर्षं मस्कतला राहिला, पण पूर्वजाला भेटायला वेळ सापडला तो सामान बांधल्यावर.

मस्कतच्या किनाऱ्याला डोंगराच्या खोबणीत एक जुनं ख्रिस्ती कबरस्तान आहे. उन्हाने, तापाने गेलेल्या गोऱ्या खलाशांना गावात जागा नव्हती, म्हणून डोंगरापलीकडे नेऊन पुरायचे. रस्ता नाहीच, समुद्रातूनच जायचं. नवऱ्याने रत्नागिरीच्या एका चाचांची बोट ठरवली. घावनांचा डबा माझ्याकडे, म्हणून मीही.

साहेब वाटेत अभिमानाने सांगत होते, की खापरपणजोबा समुद्री चाच्यांशी लढताना पडले. मी ते चाचांना मराठीत सांगितलं.

"आमच्यातला कोन नसंल, वहिनी," चाचा सुकाणू न सोडता म्हणाले.

वाळूत उतरलो. पांढरे चुनकट दगड, बरेचसे कलंडलेले. साहेब एकेक नाव वाचत फिरले आणि एका दगडापाशी थबकले. मग वाकून पुन्हा वाचलं. खापरपणजोबांच्या नावाखाली कोरलं होतं : बंदरात पोहताना बुडाला, वय एकोणतीस.

नवऱ्याने घाईघाईने मयताला आल्यासारखा चेहरा केला. साहेब शेजारच्याच कबरीवर बसले आणि हसू लागले. हसता हसता डोळे पुसू लागले. काय करावं कळेना, तेव्हा मी डबा उघडला.

"अगं, इथे खायचं?" नवरा पुटपुटला.

"इथे नको म्हणणारं कोण आहे?"

घावन खाऊन साहेबांनी टोपीत समुद्राचं पाणी आणलं आणि दगडावरची पक्ष्यांची घाण हातांनी खरवडून काढली. गॅरेजमध्ये त्यांनी स्वतःचा कपही कधी विसळला नव्हता, असं नवऱ्याने मला हळूच सांगितलं.

"आता घरी काय सांगणार?" मी विचारलं.

"चाचेच," साहेब म्हणाले. "माझी आई नव्वदीची आहे. आयुष्यभर ती शेजारणींना तेच सांगत आलीय."

चाचांनी मान डोलावली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण शेवटचं घावन त्यांनी साहेबांना दिलं.