पेटीशेजारचं मासिक

"हिरवा अजून वाढव," नाडकर्णी म्हणाले. "डोळ्यांना झोंबला पाहिजे."

कव्हरवर हेडफोन लावलेली मुलगी होती, मागे काळा रंग आणि वर पोपटी अक्षरांत मासिकाचं नाव. माझ्या मते ते पुरेसं झोंबत होतं. पण नाडकर्णी हे संगीत मंडळाचे अध्यक्ष आणि मी त्यांनी नेमलेली डिझायनर, त्यामुळे मी हिरवा वाढवला.

मंडळ डोंबिवलीचं. माझं ऑफिस ठाण्यात, खोपटला एसटी डेपोच्या मागे. एरवी मी हॉटेलांची मेन्यूकार्डं आणि बिल्डरांची ब्रोशर्स करते. शास्त्रीय संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, हे मी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं. नाडकर्णींना ते फारच आवडलं. त्यांना म्हणे नवी नजर हवी होती.

मंडळाचं मासिक जुनं होतं आणि वर्गणीदार त्याहून जुने. दर अंकात श्रद्धांजलीचा मजकूर वाढत होता. तेव्हा मंडळाने ठरवलं, की पाडव्याच्या अंकाला तरुण वर्गणीदार मिळाले तर ठीक, नाहीतर छपाई बंद आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफ. संपादक सुमतीताई निवृत्त प्राध्यापिका, सत्तरी ओलांडलेल्या. नवरा गेल्यावर त्यांनी हे मासिक हातात घेतलं आणि दुसरं काही करायचा विचारही केला नाही. 'पीडीएफ' हा शब्द त्या, लोक 'आयसीयू' म्हणतात तसा, म्हणायच्या.

तर आम्ही अंक तरुण करायला घेतला. कागद गुळगुळीत, चकचकीत. बाइंडिंग 'परफेक्ट', म्हणजे पानांच्या पाठीला गोंद लावून पुस्तकासारखा सपाट कणा करायचा. दिसतं एकदम महाग. राहता राहिली मागची स्वरलिपीची पानं. स्वरलिपी म्हणजे गाणं लिहून ठेवायची पद्धत: वर सूर, खाली शब्द, त्याखाली तबल्याच्या मात्रा, सगळं आडव्या-उभ्या रेघांत बसवलेलं. मला ते इन्कम टॅक्सच्या तक्त्यासारखं दिसलं.

"ही पानं काढू या," मी म्हटलं. "त्याऐवजी क्यूआर कोड देऊ. स्कॅन केला की सगळं मोबाईलवर."

"मुलं ती पानं वापरतात गं," सुमतीताई म्हणाल्या.

"ताई, यंग लोकं सगळं मोबाईलवरच वापरतात," नाडकर्णी म्हणाले.

सुमतीताईंनी यादीतून ती पानं खोडली. पुढच्या पिढीच्या आड आपण येतोय असं त्यांना वाटलं असणार.

छपाईच्या आधी मी डमी काढते, म्हणजे खऱ्या अंकासारखी एकच प्रत, आणि ती ज्याने वापरायची त्याच्या हातात देते. मेन्यूकार्ड असेल तर वेटरच्या. इथे सुमतीताई मला ठाकुर्लीच्या एका गायनाच्या क्लासला घेऊन गेल्या. सोसायटीतल्या फ्लॅटचा हॉल, सतरंजी, चार-पाच पेट्या. दाराशी चपलांचं रॅक होतं आणि त्यावर वेताची टोपली. येणारा प्रत्येक जण चप्पल काढत होता आणि मोबाईल टोपलीत टाकत होता. क्लास घेणाऱ्या बाईंचा नियम. आत मोबाईल चालत नाही.

टोपली बघून मला आमचा क्यूआर कोड आठवला.

डमी मी ऋतुजाला दिली. ही दिवा स्टेशनहून येणारी, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिने कव्हर पाहिलं आणि "छान आहे" म्हणाली. शेजाऱ्यांच्या नव्या पडद्यांना म्हणतात तसं. मग ती पेटीपाशी बसली, अंक उजव्या गुडघ्याशेजारी उघडून ठेवला आणि अंक आपोआप मिटला. तिने दाबून पुन्हा उघडला. पुन्हा मिटला. गोंदाच्या कण्याचा हा स्वभावच असतो. मग तिने त्यावर गुडघा ठेवला.

"हातात धरून बघ ना," मी म्हटलं.

"कशी धरू मॅडम? एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. दातात धरू?"

सगळा क्लास हसला.

"आणि बंदिशी कुठेयत?"

"क्यूआर कोड आहे शेवटच्या पानावर."

तिने दाराकडच्या टोपलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पेन्सिल घेऊन तिने पानाच्या कडेला काहीतरी लिहून पाहिलं. चकचकीत कागदावर पेन्सिल उठेना.

"आम्ही ताना इथेच लिहितो, बाजूला," ती म्हणाली. "जुन्या अंकात मस्त लिहिता यायचं."

"जुना अंक घेतेस तू?" सुमतीताईंनी विचारलं.

"मी नाही. क्लासला एक येतो ना, त्यातल्या शेवटच्या पानांच्या आम्ही सगळे झेरॉक्स काढतो."

परत येताना रिक्षात सुमतीताईंनी डमी दोनदा उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "म्हणजे होते गं वाचणारे. मला कुणी सांगितलंच नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही वाईट वाटलं, आणि हिरव्या कव्हरची लाजही वाटली.

मी अंक पुन्हा मांडला. कागद साधा, पेन्सिल धरणारा. गोंद रद्द, मध्ये दोन पिना. पिना मारलेला अंक बरोब्बर मधोमध उघडला की सपाट पडून राहतो, म्हणून स्वरलिपी मागून उचलून मधोमध आणली. एक बंदिश समोरासमोरच्या दोन पानांत संपलीच पाहिजे, मध्येच पान उलटायचं नाही. अक्षर किती मोठं हवं ते मी ऑफिसच्या फरशीवर मांडी घालून ठरवलं. कडेला भरपूर कोरी जागा सोडली.

नाडकर्णींनी नवी डमी उलटसुलट करून पाहिली. "कव्हर सोडून यात यंग काय आहे?"

"पान उघडं राहतं."

"बस?"

"बस."

"हे खपणार नाही."

"छापा," सुमतीताई म्हणाल्या. "नाही खपला तर मीच बंद करते. तुम्हाला ठरावसुद्धा करावा लागणार नाही."

खपला. आधी ठाकुर्लीचा क्लास, मग कल्याणचे, मग ठाण्यातलेही. पानावर स्वतःच्या ताना लिहायच्या म्हटल्यावर प्रत्येकाला स्वतःचा अंक लागतो, एकाच्या झेरॉक्सवर भागत नाही. पीडीएफचा विषय बारगळला. वार्षिक सभेत नाडकर्णींनी यशाचं श्रेय कव्हरला दिलं. त्यांच्याकडून मला आणखी कामं येत होती, त्यामुळे मी टाळ्या वाजवल्या.

काही अंकांनंतर आम्ही पुन्हा त्या क्लासला गेलो. मुलांनी पिना उचकटून मधली पानं काढून घेतली होती आणि फायलीत लावली होती. उरलेले अंक चपलांच्या रॅकवर पडले होते.

"बाकीचं मी आजोबांना देते," ऋतुजा म्हणाली.

"संपादकीय वाचतं का कुणी?" सुमतीताईंनी विचारलं. सगळी मुलं सतरंजीकडे बघायला लागली.

जिना उतरताना त्यांनी मला थांबवलं. "सगळ्यात अवघड बंदिश असते, तिच्या मागच्या पानावर काय असतं?"

"पुढची बंदिश."

"ती हलव. तिथे माझं संपादकीय टाक."

"मागे कोण बघणार, ताई?"

"अगं, आयुष्यभर शिकवलंय मी. अवघड जागा आली की मुलं पान उलटतात."

तेव्हापासून संपादकीय तिथेच छापतो. गेल्या महिन्यात ऋतुजाने त्यांना भलामोठा मेसेज पाठवला, संपादकीयातलं अमुक मत साफ चुकीचं आहे म्हणून. सुमतीताईंनी लगेच मला फोन करून तो अख्खा वाचून दाखवला. इतक्या खुशीत मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

नवं काम आलं की हल्ली मी वाचकाचं वय विचारत नाही. तो बसतो कुठे आणि त्याचे हात मोकळे असतात का, ते विचारते. बहुतेक क्लायंटना ते माहीत नसतं.