बारा चौरस फूट पाणी

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास मी श्रीरामपूरकडच्या कालव्यावर नवा ओव्हरसिअर होतो. गणितात पक्का, आणि तोरा त्याहून पक्का. चारीत, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटात, किती पाणी वाहतंय हे ठरवायला आधी पाण्याचा ओला छेद काढायचा: तळाची रुंदी, पाण्याची खोली, बाजूंचा उतार. मग त्याला पाण्याच्या वेगाने गुणायचं. खोली पुलाच्या भिंतीवर रंगवलेल्या फुटपट्टीवर काठावरूनच वाचता येई. माझे बूट नवे होते.

चारीच्या अगदी शेवटी एका बाईंचा एकरभर ऊस होता. पाणी पोचत नाही, पाणी घ्यायच्या पाळीचे तास वाढवून द्या, असा त्यांचा अर्ज आला. मी मोजलं. नकाशाप्रमाणे तळ चार फूट, उतार एकास एक, पट्टीवर खोली दोन फूट. ओला छेद बारा चौरस फूट. पाणी भरपूर! 'तक्रारीत तथ्य नाही' असा शेरा मारून मी अर्ज वर पाठवूनही दिला.

आठवड्याने बाई पुलावर हजर.

"सायेब, कागदावर पानी लई हाय, मग माझा ऊस का वाळतोय?"

"बाई, गणित खोटं बोलत नाही," मी फटकारलं.

 लुगडं खोचून त्या चारीत उतरल्या. "बूट काढा अन् या."

चिडूनच उतरलो. पाण्याखाली तळ लागेचना. पाय मऊ गाळात पोटरीपर्यंत रुतले, तेव्हा कुठे कठीण जमीन लागली. पट्टीचं शून्य त्या गाळाखाली गाडलं गेलं होतं. वाहतं पाणी फूटभरच, बाकी गाळ. काठावर बसून पुन्हा आकडेमोड केली. ओला छेद सात चौरस फूट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दिवशी दुसरा कागद लिहिला: पहिली मोजणी चुकली, चूक माझी. पाळी वाढली, गाळही निघाला, पण कागद वर जाऊन खाली येईपर्यंत तीन आठवडे गेले. मी माफी मागायला शेतावर गेलो, तेव्हा निम्मा ऊस वाळून बैलांपुढे चारा म्हणून पडला होता. उरलेल्याला बाई पाणी धरत होत्या.

"दुसऱ्यांदा मोजलंत, बरं केलंत," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पर सायेब, फुडच्या बारीला आदी पाय घाला, मग सही करा."