ईराच्या पायांची राखण

नाम ओठांवर असायचं, पण त्या दिवसांत ते मनात उतरत नव्हतं. माझी नऊ वर्षांची ईरा उजवा पाय ओढत चालू लागली आणि तपासणीत तिच्या मज्जारज्जूला चिकटलेली गाठ निघाली. गाठ ठेवली तर पाय जाणार, काढताना नस दुखावली तरी जाणार. यांची बँकेतली बदली होऊन आम्ही नुकतेच चेन्नईत, पेरुंगुडीला आलो होतो. तमिळ येत नव्हतं, ओळखीचं कोणी नव्हतं. तिरुवल्लिकेणीच्या देवळात हात जोडले, तर काय मागावं तेच सुचेना. एवढंच म्हटलं, "मला ऑपरेशनच्या खोलीत जाता येणार नाही. तू जा."

ऑपरेशनच्या सकाळी मी बाहेर बाकावर मराठीत देवाची विनवणी पुटपुटत बसले होते. हिरव्या कपड्यांतल्या एक डॉक्टरबाई जाता जाता थांबल्या.

"तुम्ही मराठी कां? आम्ही तंजावरचे. घरीं मराठीच बोलतों."

ऑपरेशन चालू असताना नसांवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. माझ्या शेजारी बसून त्यांनी सांगितलं, "लेकीच्या हातापायांस बारीक तारा लावीन. ती निजली तरी तिच्या नसा मजशी बोलत असतात. एकीनं तक्रार केली, कीं मी सर्जनला थांबवतें."

"आणि ते थांबतील?"

"थांबायलाच पाहिजे, अम्मा."

त्या आत गेल्या आणि कितीतरी दिवसांनी माझा श्वास मोकळा झाला. नाम आपोआप आत उतरलं.

दुपारी त्यांनीच बाहेर येऊन सारं सांगितलं. गाठीचा शेवटचा भाग सोडवताना उजव्या पायाचा संदेश जवळजवळ नाहीसा झाला होता. त्यांनी "थांबा" म्हणताच सर्जनांनी हात मागे घेतला. रक्तदाब वाढवला, जखमेत कोमट सलाइन सोडलं आणि सगळे वाट पाहत राहिले. हळूहळू संदेश परतला. नसेला चिकटलेला गाठीचा एक कण मुद्दाम तसाच ठेवला. त्याची तपासणी पुढे होत राहील.

शुद्धीवर आल्यावर ईराने दोन्ही पाय हलवले. उजवा जरासा, पण हलवला.

ती विद्या होती की कृपा, हे मी कधी तोलून पाहिलं नाही. देवावर सोडायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं, असं मला वाटायचं. त्या दिवशी मी लेकीला जाणत्या माणसांच्या हाती दिलं आणि ते हात त्याचेच मानले. व्यायामाने पायात बळ आलं. आता ईरा शाळेची बस गाठायला धावते, तेव्हा मी मागून "हळू" म्हणत नाही. नुसती हात जोडते.