काचेमागचा टोप

शर्टांना वास येत नव्हता, आणि तेवढ्यावरून भिंगरीच्या आईने धास्ती घेतली होती.

भिंगरी म्हणजे तिचा मुलगा, वय वर्षं चौतीस. लहानपणी एका जागी पाच मिनिटं बसायचा नाही म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. चार गल्ल्या पलीकडे एका खोलीत तो एकटा राहायचा आणि दर सोमवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, आठवड्याचे सहा पांढरे शर्ट पिशवीत कोंबून आईकडे आणायचा. सहा वर्षं त्या पिशवीचं तोंड उघडलं की खोलीभर वास सुटायचा. हाडांच्या सुपाचा, आल्याचा, जळक्या लसणाचा. वडील वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "आले वाटतं चिरंजीव." दोनदा धुतले तरी वास जायचा नाही. आणि आता गेले तीन सोमवार पिशवीतून निघत होता तो नुसता घाम आणि अंगाला लावायची पावडर.

तिसऱ्या सोमवारी तो जेवून गेल्यावर तिने एका शर्टाच्या कॉलरमध्ये नाक खुपसलं.

"अगं, शर्ट स्वच्छ आले म्हणून कुणी तोंड पाडून बसतं का?" नवऱ्याने विचारलं.

"नोकरी गेली असेल त्याची. सांगत नसेल."

"मग रोज कुठे जातो? शर्ट घालून बागेत बसतो?"

"तेच तर मला कळत नाहीये!"

संशय घेणं हे तिचं कामच होतं म्हणा ना. कपड्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं ती तपासनीस होती. टेबलावर शर्ट पसरायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं, एक टाका सुटलेला दिसला की लाल दोरा बांधून परत. कुणी शिवलाय ते बघायचं नाही. एकदा तिच्या सख्ख्या नणंदेचे सतरा शर्ट तिने एका दिवसात परत पाठवले होते; नणंद पुढची दोन वर्षं बोलत नव्हती. पण शर्ट पुन्हा शिवून आले ते सरळ.

भिंगरीची काळजी मात्र अशी लाल दोरा बांधून बाजूला ठेवता येत नव्हती. कॉलेज अर्धवट सोडलेला मुलगा. छापखाना सात महिने, विम्याचं ऑफिस चार महिने, फुलांचं दुकान तर पंधरा दिवस. दर वेळी घरी येऊन म्हणायचा, "आई, तिथे नुसतं उभं राहावं लागतं गं." वडील म्हणायचे, "मग काय तुला उडायला ठेवणार आहेत?"

आणि मग एका दुपारी तो रामेनच्या, म्हणजे जपानी सूप-नूडल्सच्या हॉटेलात जेवायला गेला आणि परतच आला नाही. म्हणजे रात्री आला, पण तिथे कामाला लागून, झाडू मारूनच आला होता. तिथले थोरले मालक वीस वर्षं जपानात एका स्वयंपाकघरात राबून आलेले. आठ टेबलं, एक लांब लाकडी फळी, फळीपलीकडे चुली. त्यांनी या भिंगरीला टोपासमोर उभं केलं. कोंबडीची हाडं, आलं, समुद्रातलं सुकं शेवाळ, आणि बारा तास. मंद आच, वर येणारा फेस काढायचा, तळाला लागू द्यायचं नाही, मोठ्याने उकळू द्यायचं नाही. पहाटे चारला चूल पेटवायची. दुपारी वाढायचं ते कालचं सूप, रात्री आजचं. ज्याला पाच मिनिटं बसवत नव्हतं तो पोरगा बारा तास एका टोपाजवळ उभा राहायला लागला. कुणी म्हटलं असतं तर तिने हसून सोडून दिलं असतं. पण तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिल्या वर्षी थोरले मालक चव घेऊन रोज टोपातलं सूप मोरीत ओतायला लावायचे, आणि हा ओतायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला उठायचा.

दर गुरुवारी ती तिथे जेवायला जायची; गेला महिनाभर तेवढी पाय मुरगळून घरी अडकली होती. आधी मुलाला बघायला, मग खरंच खायला. वाडगा समोर आला की चष्म्यावर वाफ जमायची, तो काढून ठेवायचा, आणि आधी नुसतं सूप. पहिल्या घोटाला काहीच कळायचं नाही, खारट गरम एवढंच. दुसऱ्या घोटाला जिभेच्या मागे काहीतरी उलगडायचं, गोडसर, दाट, ओठांना किंचित चिकटणारं. मग नूडल्स, सुर्रर्र आवाज करत. "तोंड मिटून खा," असं मुलाला पंधरा वर्षं शिकवलेली बाई चारचौघांत आवाज करत ओढायची. थोरल्या मालकांनीच सांगितलं होतं, "बाई, लाजू नका, गार झालं की मेलं ते." मऊ पिवळ्या बलकाचं अर्धं अंडं शेवटी. आणि मग दोन्ही हातांनी वाडगा उचलून तळ दिसेपर्यंत. रिकामा वाडगा ती फळीवर आडवा धरायची, म्हणजे आतून भिंगरीला दिसावा. तो पळी वर करायचा. एवढंच. सहा वर्षं मायलेकांचं एवढंच बोलणं चालायचं, पण त्यात सगळं आलं.

एका गुरुवारी थोरल्या मालकांनी तिचा तसा, वाडग्यात अख्खं तोंड घातलेला, फोटो काढला आणि भिंतीवर लावला. खाली लिहिलं, 'शेवटच्या थेंबापर्यंत'. गुडघे गेल्यावर हॉटेल पुतण्याच्या हाती देऊन ते मुलीकडे राहायला गेले, तेव्हा तिला स्वतःचा नंबर लिहून दिला होता. "ज्या दिवशी तुमचा वाडगा रिकामा होणार नाही, त्या दिवशी मला फोन करायचा. त्याची आई म्हणून नाही हं. गिऱ्हाईक म्हणून."

"तुमचा पुतण्या आहे की लक्ष द्यायला," ती म्हणाली होती.

"म्हणूनच म्हणतोय," ते म्हणाले होते.

तर पाय आता बरा झालेला, आणि त्या सोमवारनंतर तिला गुरुवारपर्यंत धीर धरवेना. मंगळवारीच, न सांगता, ती दुपारी एकला हॉटेलवर जाऊन थडकली.

आणि भिंगरी होता! रस्त्याकडेच्या काचेमागे, सगळ्या जगाला दिसेल असा. नव्या मालकाने मागचा टोप उचलून काचेत आणून ठेवला होता. वर वाफेचा लोट, भिंगरी लाकडी दांड्याने ढवळतोय, आणि काचेवर हातभर अक्षरं, 'बारा तास उकळलेलं सूप. इथेच. तुमच्या डोळ्यांसमोर.' दोन बायका रस्त्यात थांबून त्याचा फोटो काढत होत्या. तिच्या जिवात जीव आला. वेडी मी, तिने स्वतःला म्हटलं, काचेजवळ वारा लागत असेल, म्हणून वास धरत नसेल शर्टांना.

ती आपल्या फोटोखालच्या खुर्चीत बसली. वाडगा आला. चष्मा काढला. पहिला घोट खारट गरम. दुसरा घोट खारट गरम. तिसरासुद्धा.

मागे काहीच उलगडलं नाही. जीभ वाट बघत बसली, कुणी आलंच नाही. वरून तेलाची चकाकी होती, कांद्याची पात होती, अंडं तर नेहमीपेक्षा देखणं होतं. पण सूप म्हणजे कुणीतरी सुपाचं वर्णन ऐकून केलेलं पाणी. अठ्ठावीस वर्षांचं बोट शिवणीवरून फिरलं आणि टाका सुटलेला लागला. तिने चमचा खाली ठेवला.

"काकू, आज अर्धाच?" वाढणारी बाई चकित झाली.

"ने," ती म्हणाली.

वाडगा आत गेला. काचेसमोरून भिंगरी वळला, वाढणाऱ्या बाईच्या हातातला वाडगा त्याने पाहिला, मग फळीवरून आईला पाहिलं. त्याने वाडगा घेतला, उरलेल्यातला एक चमचा तोंडात घातला, बाकीचं मोरीत ओतलं, आणि मोरीच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा राहिला. पळी वर केली नाही. काचेतल्या टोपातून वाफ मात्र जोरात निघत होती.

ती मागच्या दाराने गेली. तिथे भाजीच्या रिकाम्या खोक्यांजवळ तो आला, पंच्याला हात पुसत.

"आज मंगळवार आहे," तो म्हणाला.

"वार मला माहीत आहे. टोपात काय आहे?"

"आई, हळू."

"टोपात काय आहे रे?"

"पाणी." त्याने खोक्याकडे बघत सांगितलं. "पाणी, आणि तीनचार दिवसांची हाडं. दिसायला. सूप पाकिटातून येतं. चार चमचे पावडर, गरम पाणी. महिना होत आला. मी बारा ते तीन आणि सात ते दहा ढवळायचं. गिऱ्हाइकाला वाफ दिसली पाहिजे म्हणाले."

"आणि तू ढवळतोस."

"ढवळतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाणी ढवळतोस! सहा वर्षं चारला उठून शिकलास ते पाणी ढवळायला? दुकानात उभे करतात त्या पुतळ्यालासुद्धा कुणी एवढं नाटक करायला लावत नाही. आणि माझं थोबाड लटकवलंय त्या भिंतीवर, शेवटच्या थेंबापर्यंत म्हणे! कसला थेंब? लोक मला बघून ते पाणी पितायत!"

"पगार तोच आहे," भिंगरी म्हणाला. "आणि हात बघ." त्याने दोन्ही हात पुढे केले. भाजल्याचा एकही ताजा डाग नव्हता. "बरे झाले ना? तूच म्हणायचीस."

तेवढ्यात नवे मालक दारात आले. फोन कानाला, हसू तोंडभर. "अरे, काकू! आज कशा काय? आणि काय हो, ओळखलंत का तुमच्या मुलाला? एकदम हिरो केलाय. लोक फोटो काढतात."

"सूप पाकिटातलं आहे म्हणे."

त्यांचं हसू हललंसुद्धा नाही. "काकू, शंभरातल्या नव्याण्णव जणांना फरक कळत नाही. आणि तुम्हीच नाही का मला सांगितलं होतंत? इथेच, याच दारात. याला जरा आराम द्या हो, पहाटे चारला उठतो, हात बघवत नाहीत. म्हटलं, आईचा शब्द." ते फोनवर बोलत आत निघून गेले.

ती उभीच राहिली. सांगितलं होतं. खरंच सांगितलं होतं. काळजीपोटी, मुलाच्या पाठीमागे, लाडीगोडीने. मुलाची काळजी करताना तिने त्याच्या एकुलत्या एका कामाचा टाका स्वतःच उसवला होता, आणि हा गृहस्थ तो दोरा बोटाला गुंडाळून फिरत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण आराम द्या म्हणजे एक माणूस हाताखाली द्या, एक दिवस जास्त सुट्टी द्या. आराम द्या म्हणजे लोकांना फसवा असं कुठल्या भाषेत होतं?

"मी थोरल्या मालकांना फोन करणार," ती म्हणाली.

"करू नकोस." भिंगरीचा आवाज एकदम चढला. "आई, पाया पडतो. ते म्हातारे आहेत, हे नवे मालक चिडतील, आणि मला काढतील. मग काय करू? पुन्हा फुलांचं दुकान? मला दुसरं काही येत नाही आता. तू फोन केलास तर मी सोमवारी येणार नाही. या सोमवारीही नाही, पुढच्याही नाही."

"चांगलं सूप येतं तुला. ते करतोस का?"

आतून कुणीतरी हाक मारली, "सूपवाले, काच रिकामी आहे!" आणि तो गेला. ढवळायला.

घरी येऊन तिने चप्पल काढायच्या आधीच नवऱ्याला सगळं सांगितलं, दोनदा. दुसऱ्या वेळी जास्त मोठ्याने. त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं, हे त्यांच्या बाबतीत विशेष.

"लोक खातायत ना आवडीने?" त्यांनी चाचपून पाहिलं.

"लोक खातायत म्हणून पाण्याचं सूप होतं का? त्याला काचेत उभा केलाय हो, आपल्या मुलाला! खोटं त्यांचं आणि तोंड आपल्या पोराचं. आणि भिंतीवर माझं."

"नोकरी जाईल त्याची."

"जाईल." हा शब्द तिच्या तोंडून जड निघाला. छापखाना, विमा, फुलं, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि सोमवारचा रिकामा दरवाजा. "पण मोरीला हात टेकून उभा होता तो. मी पाहिलं. पहिल्या वर्षी रोज टोप ओतून द्यायचा तेव्हासुद्धा असा उभा राहिला नव्हता."

पिशवीतले सहा शर्ट धुऊन दोरीवर वाळत होते. तिने जाता जाता एकाची बाही चाचपली. चार वाजत आले होते. थोरले मालक दुपारची झोप काढून चारला उठतात, हे तिला ठाऊक होतं. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला नंबर तिने काढला, चष्मा पुसून घातला आणि फोन हातात घेतला.

"अगं, पण त्याने नको म्हटलंय ना?" नवऱ्याने शेवटचं विचारून पाहिलं.

"त्याने आईला नको म्हटलंय," ती एकेक आकडा दाबत म्हणाली. "फोन गिऱ्हाईक करतंय."