भिंगची साक्ष

माझ्या धाकट्या भावाची बायको एकतीस वर्षं बाटल्या बघत होती. बघत होती म्हणजे अक्षरशः बघत होती, दुसरं काही कामच नव्हतं. काचेच्या कारखान्यात पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोर स्टुलावर बसायचं. डावीकडून बाटल्या येतात, उजवीकडे जातात. जिच्यात बुडबुडा, केसाएवढा तडा किंवा वाकडं तोंड दिसेल ती उचलायची आणि मागच्या खोक्यात टाकायची. मिनिटाला साठ बाटल्या. वीस मिनिटं बघायचं आणि दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं असा नियम होता, कारण त्यानंतर डोळे नसलेलं दाखवायला लागतात. पुढे माणसं कमी केली तेव्हा विसाची चाळीस मिनिटं झाली. नियमाचा कागद मात्र भिंतीवर होता तिथेच होता.

कारखान्यात तिला भिंग म्हणत. घरातही तेच नाव रुळलं. ठेंगणी, जाड मानेची, बोलायला कंजूष. लग्न होऊन आली तेव्हा मला ती मठ्ठ वाटली होती, हे आधीच सांगून टाकते. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते आणि पाच मिनिटांत माणूस ओळखण्याची मला खोड होती. ती खोड किती फुकटची होती ते पुढे कळलं. भाऊ गेला, मी निवृत्त झाले, आणि आम्ही दोघी एका घरात राहू लागलो. दोन घरं झाडत बसण्यात काय अर्थ होता?

तिच्या धंद्याचा एकच मंत्र होता: शंका आली की बाजूला. विचार करत बसायला वेळ नसतो. दहा चांगल्या बाटल्या खोक्यात गेल्या तरी कुणी ओरडत नाही. एक तडकलेली सुटली तर कुणाच्या तरी हातात फुटते. घरीही ती तशीच. दुधाचा वास, बटणाचा सैल दोरा, माझ्या बोलण्यातली थाप, सगळं लगेच बाजूला. भाऊ म्हणायचा, "लग्नाआधी हिने मला त्या पडद्यापुढून नेलं असतं, तर मी सरळ खोक्यात गेलो असतो."

एका थंडीत कारखान्यात बातमी उठली की दोनपैकी एक भट्टी विझवणार. खरं-खोटं कुणी सांगेना. फोरमनला विचारलं तर तो खांदे उडवायचा. मग दिवसपाळी सुटली की लोक आवारात उभे राहून दोन्ही भट्ट्यांच्या चिमण्यांकडे बघायचे. धूर दोन्हींतून येतोय ना? येतोय. चला, उद्याचं काम आहे. काटकसर म्हणून आवारातले दिवे काढून टाकले होते, त्यामुळे वर आभाळ चांगलं काळं दिसायचं.

अशाच एका संध्याकाळी भिंगला जुन्या चिमणीच्या उजव्या अंगाला एक मोठा पांढरा ठिपका दिसला. ती थांबली आणि म्हणाली, "ते हलतंय."

एवढंच म्हणाली. पण म्हणाली ती भिंग! जिला धावत्या बाटलीतला केस दिसतो, तिला दिसलं म्हणजे आहेच. पॅकिंगच्या चार बायका तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.

"कुठं गं?"

"ते काय. आत्ता डावीकडे सरकलं."

"हो की! अगं बाई, झटके देतंय!"

पहिल्या दिवशी पाच जणींनी पाहिलं. आठवड्यात तीस जण झाले. पंधरवड्यात लोक घरून खुर्च्या घेऊन यायला लागले. ठिपक्याला आधी खिडक्या आल्या, मग हिरवा दरवाजा आला. पॅकिंगमधली एक होती, सगळे तिला रेडिओ म्हणत. तिला आत कुणीतरी उभं असलेलं दिसलं. "भट्टीवर नजर आहे त्यांची," ती म्हणाली. कुणाची ते विचारायची कुणाला गरज वाटली नाही. महिनाभर जिवाला लागलेल्या घोराला शेवटी एक तोंड मिळालं होतं. फोरमनपेक्षा तेच बरं, निदान रोज ठरल्या वेळी दर्शन द्यायचं.

भिंगने घरी येऊन मला सांगितलं. तिचा सूर बाटली पुढे करून "ही बघा" म्हणणाऱ्याचा होता. मी गेले, पाहिलं, पाच मिनिटांत परत आले. शुक्र होता. त्या दिवसांत सूर्य मावळला की पश्चिमेला ठळक दिसायचा.

"पण हलतंय ना, वन्सं?"

"उद्या दुपारी दाखवते."

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. मी खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, डालड्याच्या रिकाम्या डब्यात बल्ब ठेवला, डब्याला सुईने भोक पाडलं, आणि तिला समोर बसवलं. मिट्ट काळोख आणि त्यात एक ठिपका.

"बघत राहा. कुठे जातोय?"

"डावीकडे," ती जरा वेळाने म्हणाली. "आता वर. डबा हलवताय तुम्ही."

"मी दाराशी आहे. बोलतेय कुठून बघ."

ती आवाजाकडे वळली. मग मी तिला समजावलं. आजूबाजूला काही नसलं की डोळ्याला टेकायला जागा उरत नाही, आणि स्थिर ठिपकाही चालायला लागतो. त्यातून दिवसभर डावीकडून उजवीकडे बाटल्या बघितलेले डोळे. शेजारचा "डावीकडे" म्हणाला की आपल्यालाही डावीकडेच जाताना दिसतो, आणि तसं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. आणि मुळात सगळे वर बघत होते ते चिमणीसाठी. धास्तावलेला माणूस आभाळाकडे एरवीपेक्षा जास्त बघतो, आणि जे दिसेल त्याला आपली धास्ती चिकटवतो. "मलासुद्धा हललेला दिसतो," मी म्हणाले. "मेंदूचा दोष नाही, मेंदूची रीतच ती."

"म्हणजे शुक्र," भिंग म्हणाली. "बरं." आणि घोंगड्या काढायला उठली. इतक्या सहज चूक मान्य करणारा माणूस मी माझ्या स्टाफरूममध्ये एकही पाहिला नव्हता.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला लिहायची हौस! गावच्या वर्तमानपत्रात मी चांगला अडीच रकान्यांचा लेख दिला: ठिपका, शुक्र, चाळीस-चाळीस मिनिटं पडद्यापुढे बसून थकलेले डोळे, सगळं. नाव कुणाचंच घेतलं नाही. "तीस वर्षं बाटल्या तपासणारी, कारखान्यातली सगळ्यांत तीक्ष्ण नजर", एवढंच लिहिलं. एवढंच! आंधळ्यालाही कळलं असतं कोण ते. एक वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं: डोळे साक्षीदार नसून कथाकार असतात. संपादकाने ते चौकटीत टाकलं.

लेखानंतर खुर्च्या आवारातून गेल्या. रेडिओ माझ्याशी बोलेनाशी झाली. "आम्हाला वेड्यात काढलंत बाई," एवढं रस्त्यात सुनावून गेली. कारखान्यात लोक भिंगच्या तोंडापुढे बोट नाचवून "हे हलतंय का गं?" विचारायचे. ती हसायची आणि कामाला बसायची. शुक्रही महिन्याभरात मावळतीआड गेला. दोन्ही भट्ट्या चालू राहिल्या. मला वाटलं, संपलं.

अडीच महिन्यांनी एका सकाळी, बाटल्या वाहून नेणाऱ्या दोन नंबरच्या पट्ट्यात फिटर अडकून मेला.

तरुण माणूस, कमी बोलणारा, हाताचा हुशार. पट्ट्याच्या टोकाला दात्यांचं चाक असतं आणि त्यावर लोखंडी जाळी असते. जाळी असली की हात आत जाऊच शकत नाही. फुटलेली काच अडकली म्हणून फिटर वाकला, बाही ओढली गेली, आणि कुणी बटण दाबेपर्यंत सगळं आटोपलं होतं. कारखान्याने सांगितलं, जाळी त्यानेच त्या क्षणी काढली, पट्टा न थांबवता. चूक त्याची.

भिंगचं स्टूल तिथून दहा पावलांवर. ती त्याच दिवशी फिटरच्या बायकोच्या खोलीवर गेली आणि म्हणाली, "जाळी सकाळपासून नव्हती. फोरमनने काल काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, सारखी काच अडकते म्हणून. मी पाहिली." फिटरच्या बायकोला याहून जास्त काही नको होतं. ती कारखान्याच्या खोलीत राहत होती, चूक नवऱ्याची ठरली तर खोली सोडावी लागणार होती. पण ती मला म्हणाली, "खोली जाऊ दे हो. मुलीला मोठेपणी कुणी सांगायला नको की तुझा बाप स्वतःच्या मूर्खपणाने मेला."

चौकशी कारखान्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये झाली. सरकारी अधिकारी, कारखान्याचा वकील, बाकावर आम्ही दहा-बारा जण. आधी पॅकिंगच्या बायकांना विचारलं. जाळी होती? होती. पहिली म्हणाली होती. दुसरी म्हणाली होती. रेडिओ तर जाळीचा रंगही सांगून गेली. फोरमन समोरच हाताची घडी घालून बसला होता. मी म्हटलं, घाबरल्यात, खोटं बोलतायत. दुपारी नळावर रेडिओला गाठलंच.

"लाज नाही वाटत? मेलेल्या माणसावर ढकलताय?"

"शपथेवर सांगते बाई, मला आठवतेय जाळी," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आधी वाटलं होतं नव्हती. पण मग सगळ्यांचंच बोलणं झालं, आणि आता डोळ्यांपुढे स्वच्छ दिसतेय."

ती खोटं बोलत नव्हती. हेच मी आयुष्यभर फळ्यावर लिहून शिकवलं होतं. त्या नळाशी पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

मग भिंगची पाळी आली. तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेवढंच सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. वकील फार गोड माणूस होता. त्याने फाइलमधून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं.

"ही 'सगळ्यांत तीक्ष्ण नजर' म्हणजे तुम्हीच ना, बाई?"

"हो."

"आभाळात काहीतरी हलताना दिसलं होतं तुम्हाला?"

"हो."

"होतं का तिथं हलणारं काही?"

"नव्हतं. शुक्र होता."

"म्हणजे नसलेलं तुम्हाला दिसतं. चाळीस-चाळीस मिनिटं पडद्यापुढे बसल्यावर तर जास्तच, असं तुमच्या नणंदबाईंनीच लिहिलंय. त्या दिवशी किती वेळ बसला होतात?"

"चाळीस."

मग त्याने चौकटीतलं वाक्य वाचलं. छान वाचलं, योग्य जागी थांबून. हॉलमध्ये दोघं-तिघं हसले.

मी उभी राहिले. ओरडलेच म्हणा ना. काळ्या आभाळातला एकटा ठिपका आणि भर उजेडात दहा पावलांवर भिंतीला टेकवलेली हातभर लांबीची जाळी, या दोन गोष्टी एक नाहीत, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. अधिकारी म्हणाला, "बाई, तुम्ही साक्षीदार नाही. लेखी द्या." मी चार पानं लेखी दिली. ती फाइलला जोडली, म्हणजे टाचणी मारून मागे ठेवली.

निकाल लागला: फिटरचा निष्काळजीपणा. वरच्या कार्यालयात दाद मागायला दोन महिन्यांची मुदत होती. भिंगला पडद्यावरून काढून खोकी घडी करायला बसवलं. नजरेचा भरवसा नाही, असं तिच्या कागदावर लिहिलं. ती दुसऱ्या दिवसापासून वेळेवर खोक्यांपाशी जाऊन बसली. फक्त घरात एक फरक पडला. दूध नासलंय का, हे ती मला विचारायला लागली.

मुदतीला चार दिवस राहिले असताना फिटरची बायको आमच्याकडे आली. मुलीला शेजारी ठेवून आली होती. अर्ज तयार होता. त्याला एक प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं, भिंगचं. कागद तिने टेबलावर ठेवला, पेनही आणलं होतं.

भिंगने कागद वाचला. दोनदा वाचला. मग पेन बाजूला सरकवलं.

"शपथेवर आता नाही सांगता येणार मला."

"म्हणजे?"

"भिंतीशी जाळी दिसते अजून. पण डोळे मिटले की चाकावरही दिसते. एवढ्या जणींनी पाहिली म्हणतात."

"ताई, त्याच दिवशी माझ्या खोलीत येऊन तुम्ही सांगितलंत! कुणी विचारलंही नव्हतं तुम्हाला!"

"सांगितलं होतं. तेव्हा तसं वाटलं असेल."

मी मध्ये पडले. "अगं, ते नंतरचं आहे! सगळ्यांचं ऐकून मनात तयार झालेलं चित्र आहे ते. पहिल्या दिवशी जे सांगितलंस तेच खरं धर. याचं शास्त्र आहे, मी तुला..."

"तुम्ही गप्प बसा हो," फिटरची बायको म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तुमचं वाचलंय मी."

भिंग माझ्याकडे बघत होती. चिडून नव्हे, खरोखर विचारत होती. "वन्सं, तुम्ही तरी नक्की कसं सांगता? तुम्ही होता का तिथं?"

मी नव्हते. मी त्या वेळी घरी वर्तमानपत्र वाचत होते.

फिटरच्या बायकोने कागदाची घडी केली, पेन उचललं आणि ती निघाली. दारापर्यंत पोचवायलाही आमच्यापैकी कुणी उठलं नाही. मुदत मंगळवारी संपली. त्याच आठवड्यात तिने खोली सोडली. भिंग त्यानंतर सहा वर्षं जगली, जाळीचा विषय तिने पुन्हा काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही.