घरट्याचं झाड उभंच होतं

तिला सगळे रंगाक्का म्हणत, कारण बोटांवरचा रंग कितीही घासला तरी जात नसे. जंगलात कुठलं झाड तोडायचं ते ठरवून बुंध्यावर लाल खूण करायची, हे तिचं काम. त्या खुणांवर करवत चालवायचा तिचा दीर. "वहिनींनी बोट दाखवायचं, मी आडवं करायचं," असं तो हसत सांगे.

त्या वर्षी नदीकडच्या उतारावर एका उंच झाडात तिला गरुडाचं खाटेएवढं घरटं दिसलं. तिने ते झाड सोडलं, आजूबाजूच्या झाडांना खुणा केल्या आणि निर्धास्तपणे पुढे गेली.

वखारवाल्याला लाकडाची घाई होती, म्हणून ऐन अंडी उबवण्याच्या दिवसांत तोडणी सुरू झाली. करवत दिवसभर किंचाळायची, ट्रक त्याच झाडाखाली घुरघुरत उभा असायचा. मादी उठायची, घिरट्या घालायची, परत बसायची. एकदा उठली ती आलीच नाही.

पक्ष्यांची पाहणी करून तोडणीला परवानगी देणाऱ्या बाई दोर लावून वर चढल्या. उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "अंडी गार पडलीत."

वखारीच्या ऑफिसात मग सगळे जमले आणि जो तो हात झटकू लागला.

"मी त्या झाडाला नखसुद्धा लावलं नाही," दीर म्हणाला.

"मग मी ट्रक काय डोक्यावर घेऊन उभा राहू?" ड्रायव्हर उसळला.

"घाई माझी होती, पण परवानगी या बाईंचीच ना?" वखारवाल्याने बोट दाखवलं.

बाईंनी मान खाली घातली. "उतार न बघताच दिली मी."

रंगाक्का पुढे झाली. "सुरुवात माझ्यापासून झाली," ती म्हणाली. "झाड ठेवलं, पण त्याचा सगळा आडोसा काढला. चारी भिंती पाडून नुसतं छप्पर ठेवलं तर तिथे कोण राहील? पण हे सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात घालू नका. मला पेलायचं नाही."

ड्रायव्हर पुटपुटला, "इंजिन तरी बंद ठेवता आलं असतं."

त्या दिवशी ठरलं, खुणा करायला बाईंनीही बरोबर यायचं, आणि घरट्याभोवती पिल्लं उडेपर्यंत तोडणी नाही. वखारवाल्याने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं, पण हो म्हणाला.

घरी परतताना दीर म्हणाला, "वहिनी, ती उठताना मला दिसायची. वाटायचं, खूण तुमची आहे, म्हणजे तुम्ही सगळा विचार केला असेल."

"आणि मला वाटलं, काही खटकलं तर तुम्ही थांबाल, भाऊजी."

पुढच्या वर्षी ते घरटं रिकामंच राहिलं. रंगाक्का तिकडून जाताना वर बघायचं टाळायची. पण एका दुपारी पलीकडच्या टेकडीवरून दिराचा फोन आला. "वहिनी, करवत बंद केलीय. गरुड काटक्या नेतोय, घरटं अजून अर्धंच आहे."

"वखारवाल्यांना कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा ना!"

"मी का? दोघं मिळून जाऊ."

वखारवाल्याने दोघांनाही भरपूर सुनावलं. मग ड्रायव्हरला हाक मारून ट्रक दुसऱ्या वाटेने वळवायला सांगितला.